बाईंना इंग्रजी येत नाही!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या सभेचे मला बोलावणे आले. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवलेली बाई म्हणून मानाने बोलावले होते. चहा-चिवडा झाल्यावर दोन गोड शब्द बोलावेत आणि घरी जावे, एवढीच माझ्याकडून अपेक्षा असावी. विषय होता संस्थेच्या मराठी प्राथमिक शाळेचा. सात इयत्ता, पाच शिक्षिका, आणि पट घसरत घसरत एक्केचाळीसवर आलेला. पुढ्यात ठेवलेला ठराव असा : शाळेच्या इमारतीत पुढल्या जूनपासून वॉल्डॉर्फ पद्धतीची इंग्रजी माध्यमाची शाळा काढावी, मराठीचे वर्ग टप्प्याटप्प्याने बंद करावेत, आणि नव्या शाळेसाठी सहा पदवीधर तरुणींना त्या पद्धतीच्या शिक्षक-प्रशिक्षणाला संस्थेच्या खर्चाने पाठवावे.

मी विचारले, "आपल्या पाच बाईंना का पाठवत नाही? तिघी पदवीधर आहेत, त्यांतल्या दोघींचे बी.एड. झालेले आहे."

अध्यक्ष सज्जन गृहस्थ आहेत. सीमाप्रश्नाच्या मोर्चात मी त्यांना घसा कोरडा होईपर्यंत घोषणा देताना पाहिले आहे. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्यांना इंग्रजी येत नाही हो."

कुणी हसले नाही. कुणाला त्यात काही वावगेही वाटले नाही. सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे रंगरंगोटीच्या अंदाजपत्रकाकडे वळली. मी घरी आले, आणि त्या एका वाक्याने मला रात्रभर झोप लागू दिली नाही. हा लेख त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहिते आहे.

वाचकहो, आधी एक गैरसमज दूर करते. मी या पद्धतीची शत्रू नाही. तिच्याविषयी मिळेल ते वाचले आहे, आणि वाचल्यावर आपण एवढी वर्षे काय करत होतो या विचाराने मान खाली गेली आहे. पण जी मंडळी हे नाव आपल्या इमारतीवर लावायला निघाली आहेत, त्यांनी ते नाव कुठून आले एवढे तरी पाहावे. वॉल्डॉर्फ हे कुणा ऋषितुल्य पंडिताचे नाव नाही. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता, त्याचे ते नाव. पहिले महायुद्ध हरून जर्मनी उपाशी बसलेला होता. कारखान्याचे चालक एमिल मोल्ट यांनी रुडॉल्फ स्टायनर या विचारवंताला बोलावले. २३ एप्रिल १९१९ रोजी स्टायनर कामगारांसमोर बोलले, आणि त्यातून कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचे ठरले. ७ सप्टेंबर १९१९ ला शाळा उघडली तेव्हा २५६ मुले होती, आणि त्यांतली बहुतेक तंबाखू वळणाऱ्या हातांची लेकरे होती. मुलगे आणि मुली एकाच वर्गात, कामगाराचे पोर आणि साहेबाचे पोर एकाच बाकावर. ही त्या शाळेची जन्मकथा.

निपाणीची तंबाखू आणि तिथल्या विडी कामगार बाया आपल्याला काही परक्या नाहीत. तंबाखूच्या कारखान्यातून निघालेली ही शाळा शंभर वर्षांनी आपल्याकडे येते, तेव्हा निपाणीच्या बाईच्या पोराला तिच्या फाटकाशीसुद्धा उभे राहता येऊ नये, याला काय म्हणावे?

आता प्रशिक्षणाकडे येते, कारण माझे भांडण तिथेच आहे. शाळा उघडायच्या आधी, २१ ऑगस्टपासून दोन आठवडे, स्टायनरांनी होऊ घातलेल्या शिक्षकांचा वर्ग घेतला. सकाळी मूल कसे वाढते यावर व्याख्यान, मग कसे शिकवावे यावर व्याख्यान, आणि दुपारी प्रत्यक्ष अभ्यास. या शिक्षकांत डॉक्टरेट मिळवलेली माणसे होती. त्यांच्याकडून या दुपारच्या बैठकांत काय करून घेतले? जीभ अडखळेल अशी वाक्ये मोठ्याने म्हणून घेतली! आपल्याकडे मुलांना 'कच्चा पापड पक्का पापड' म्हणायला लावतात ना, तसलाच प्रकार. विद्वान माणसांनी पोरांसारखे उभे राहून उच्चार घोटायचे. कारण स्टायनरांच्या शाळेत खालच्या वर्गांना छापील पाठ्यपुस्तक जवळजवळ नसतेच. गोष्ट बाई तोंडाने सांगतात, चित्र बाई फळ्यावर काढतात, मुले ते ऐकून-पाहून स्वतःच्या वहीत उतरवतात, आणि ती वही हेच त्यांचे पुस्तक. एकच विषय तीन-चार आठवडे रोज सकाळी दीड-दोन तास चालतो, आणि एकच शिक्षक पुष्कळदा आठ-आठ वर्षे त्याच मुलांबरोबर वर चढत जातो. अशा शाळेत बाईंचे तोंड आणि बाईंचा हात एवढेच सामान असते.

म्हणून तिथल्या प्रशिक्षणात आजही कला हा विरंगुळ्याचा तास नसतो. जर्मनीत बॉनजवळच्या आल्फ्टर गावी अलानुस नावाचे कलाविद्यापीठ आहे, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या कीन गावी अँटिऑक विद्यापीठाची शाखा आहे; तिथे पदवीधर माणसाला या पद्धतीतली पदव्युत्तर पदवी घेता येते. त्या पदवीसाठी निबंध लिहावे लागतात, तसे ओल्या कागदावर पाण्याचे रंगही सोडावे लागतात. माती मळावी लागते, गावे लागते, विणावे लागते, शब्दांच्या तालावर हालचाल करावी लागते, पुस्तक बंद ठेवून गोष्ट सांगावी लागते. गणिताचा शिक्षक असो की भूगोलाचा, सुटका नाही.

हे कशासाठी? 'सौंदर्यदृष्टी', 'सर्वांगीण विकास' असले शब्द आपण पूर्वीपासून ऐकत आलो आहोत, त्यांनी माझे समाधान होत नाही. मला समजलेले कारण साधे आहे. दुकानातून आणलेला तक्ता मुलापुढे येतो तेव्हा तो पुरा झालेला असतो. त्यात मुलाला करायला काही उरत नाही. बाईंच्या हातून रेघ निघत असते तेव्हा ती कुठे वळणार हे मुलाला ठाऊक नसते, म्हणून ते बघत राहते. आणि दुसरे कारण याहून मोठे. चाळिशीच्या माणसाला चित्र काढायला बसवले की त्याचा हात थरथरतो, शेजाऱ्याचा कागद पाहून त्याला लाज वाटते, 'मला नाही येत' म्हणून उठावेसे वाटते. पहिलीतल्या पोराला रोज असेच वाटते, आणि आपण ते विसरलेले असतो. ते आठवावे म्हणून शिक्षकाच्या हाती रंग द्यायचे.

हे मला कळले ते माझ्या भाचीमुळे. ती एका मोठ्या शहरात अशाच एका शाळेत शिकवते, रीतसर प्रशिक्षण घेऊन, उन्हाळ्यामागून उन्हाळे घालवून. गणपतीला आली होती. आमच्या सोप्यातल्या भिंतीवर माझ्या शिकवणीचा जुना फळा आहे. रंगीत खडू पुढे करून ती म्हणाली, "मावशी, एक गाय काढ."

चौतीस वर्षांत 'गाय' हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याला गणती नाही. गायीवरचा निबंध तर तोंडपाठ. पण गाय काढता येईना. पाठीची रेघ ओढली आणि पुढे हातच चालेना. शिंगे कानाच्या पुढे की मागे, हेच आठवेना. आणि ज्या गावात मी नोकरी केली तिथे रोज सकाळी शाळेच्या वाटेवर गायी आडव्या येत. मी त्यांना हाकलत आले, पाहिल्या मात्र कधीच नाहीत. पोरगी हसली नाही. "होतं गं असं, आम्हाला पण असंच झालं होतं," म्हणाली. मला मात्र फार लागले.

मग माझी पाळी आली. शेजारची चार पोरे आरती करून बसली होती. मी म्हटले, "आता तू ह्यांना गोष्ट सांग." तिने सुरुवात छान केली. आवाज खाली घेतला, पोरे पुढे सरकली. "एका जंगलात ना, एक... एक..." आणि अडली. तिला 'मुंगूस' आठवेना. मग 'वारूळ' आठवेना. 'सरपटत' आठवेना. तिसऱ्या वाक्याला ती इंग्रजीत घसरली, आणि पोरे आरतीच्या तबकातल्या खोबऱ्याकडे बघू लागली. बिचारीचा दोष नाही. तिचे शिक्षण इंग्रजीत झाले, प्रशिक्षण इंग्रजीत झाले, नोकरीही इंग्रजीत. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "मावशी, मला प्रशिक्षणात सांगितलं होतं, गोष्ट आपल्या आजीच्या भाषेत सांगा म्हणून. सगळ्या हसल्या होत्या."

म्हणजे त्या संध्याकाळी एकीकडे हात मुका होता आणि दुसरीकडे जीभ मुकी होती. आमच्या संस्थेच्या ठरावात ही दोन्ही मुकेपणे कायम करण्याची तरतूद आहे. ज्यांना आजीची भाषा येते त्यांच्या हाती रंग द्यायचे नाहीत, कारण त्यांना इंग्रजी येत नाही. आणि ज्यांच्या हाती रंग द्यायचे त्यांना ज्या भाषेत गोष्ट सांगायची ती भाषा आमच्या पोरांच्या स्वप्नात येत नाही. ज्या पद्धतीत पुस्तक नाही आणि शिक्षकाचे बोलणे हेच सर्वस्व, ती परक्या भाषेत चालवायची म्हणजे मुक्याला कीर्तनाला उभे करण्यासारखे आहे. पुस्तकावर चालणारी शाळा एकवेळ उसन्या भाषेत रेटता येते, कारण पुस्तक बोलते. इथे काय बोलणार?

आता मराठी शाळांच्या कैवाऱ्यांनी टाळ्या वाजवू नयेत. आपले स्वतःचे दप्तरही उघडून पाहू या. मी टी.सी.एच. झाले तेव्हा आम्हाला चित्रकलेचा तास होता. त्या तासाला काय केले हे मला आठवत नाही, यातच काय ते आले. पाठाचे टाचण काढायचे, तक्ता करायचा, तक्त्याला वरखाली पट्ट्या लावायच्या, पाठ झाला की तो गुंडाळून कपाटावर टाकायचा. पुढल्या वर्षीची मुलगी तोच तक्ता धूळ झटकून वापरी. पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवे नियम केले, बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात 'शिक्षणात नाट्य आणि कला' असा स्वतंत्र भाग आला. कागदावर उत्तम. निवृत्तीनंतर एका अध्यापक महाविद्यालयात मी या भागाच्या फायली तपासायला बसले होते. पन्नासभर फायली, आणि त्यांतल्या वारली चित्रांची माणसे सगळी एकाच बाजूला नाचत होती. चौकशी केली तेव्हा कळले, की बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार फाईल मिळते. नाव तेवढे घालायचे. मी शेरा लिहिला. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मुलींच्या नोकरीचा प्रश्न आहे." फायली पास झाल्या. माझी सहीही त्यांत आहे, हे लपवत नाही.

तेव्हा परदेशातून काही आणायचेच तर ही गोष्ट आणावी : शिक्षकाने शिकवायच्या आधी स्वतः बसून, चुकत, कुणाच्या देखत करणे. आणायची ती रीत आपल्याकडे नवीही नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला तेव्हा मॉन्टेसोरीबाईंची पद्धत इटलीहूनच आलेली होती, आणि तिची साधने महागडी होती. ताराबाई १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. त्यांनी काय केले? बिया, शिंपले, पाने, काड्या घेतल्या. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली आणि मुलांच्या बोलीशी जमवून घेतले. पद्धत उसनी घ्यावी ती अशी. आमच्या सभेत मात्र पहिला खर्च मांडला गेला तो परदेशी मेणाच्या खडूंचा! अहो, खानापूर हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या मातीची भांडी नावाजलेली. एक गाडी माती आणा आणि पाचही बाईंना मळायला बसवा.

आणि आणायचे काय नाही, तेही स्पष्ट सांगते, कारण या पद्धतीचे भक्त त्या बाबतीत तोंड बंद ठेवतात. स्टायनर आधी थिऑसॉफीच्या जर्मन शाखेचे प्रमुख होते; ॲनी बेझंटबाईंनी कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून पुढे केले तेव्हा ते फुटून निघाले आणि त्यांनी आपले वेगळे तत्त्वज्ञान मांडले. त्यात पुनर्जन्म आहे, अदृश्य देह आहेत, आणि मानववंशांविषयी अशी विधाने आहेत की २००७ साली जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ शाळांच्या महासंघाला वंशभेदाविरुद्ध जाहीर निवेदन काढावे लागले. पुनर्जन्माचे आपल्याला अप्रूप नाही, तो कीर्तनात ऐकू; शाळेत नको. दुधाचे दात पडू लागल्याशिवाय अक्षरओळख नको, हेही मी डोळे मिटून मान्य करणार नाही. ज्याच्या घरी आई वर्तमानपत्र वाचते त्या मुलाला सातव्या वर्षी अक्षर दाखवले तरी बिघडत नाही. ज्याच्या घरात छापील कागद फक्त पुडीचा येतो, त्याला शाळेनेही थांबवले तर ते कायमचे मागे राहते. माझ्या नोकरीतली निम्मी पोरे अशी होती. इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या अशा काही शाळांना २०१८-१९ च्या सुमाराला तपासणी खात्याने नापास शेरे दिले, हेही ठराव मांडणाऱ्यांनी वाचावे. नाव लावल्याने शाळा चांगली होत नसते.

पण एक गोष्ट अशी आहे की ती जणू आपल्या मुलुखासाठीच काढली असावी. स्टायनरांनी शिक्षकांना सांगितले होते, की शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांकडून अक्षर काढून घेऊ नका. एक सरळ रेघ काढून घ्या आणि एक वळलेली. मग आठवडेच्या आठवडे या दोन रेघांचे नाना आकार, आणि त्यांतून चित्र, आणि चित्रातून अक्षर. जर्मन मुलांना त्यांनी माशाच्या चित्रातून त्याचे पहिले अक्षर काढून दाखवले. हे वाचले आणि मी फळ्यापाशी गेले. आपला 'न' पाहा : रस्त्यावरचा नळच तो! उभी दांडी, मधून डावीकडे निघालेली तोटी, टोकाला लोंबणारा थेंब. चौतीस वर्षे मी 'न नळाचा' म्हणत होते आणि मला तो नळ दिसला नव्हता.

आणि आमच्या पोरांना एकच लिपी शिकून भागत नाही. मराठी शाळेतले मूल कन्नडही गिरवते. देवनागरी म्हणजे उभ्या दांड्या आणि डोक्यावर आडवी रेघ, कन्नड म्हणजे वळणे. कन्नडचा 'र' जवळजवळ गोल, त्यावर तलकट्टू. 'ग' म्हणजे कमान. एका लिपीचा हात बसला की दुसरीत तो अडतो, हे दोन्हीकडच्या शिक्षकांनी पाहिलेले आहे. शेजारच्या कन्नड शाळेतल्या अक्कोरू आणि मी एकाच बसने जात असू. त्यांची तक्रार आणि माझी तक्रार एकच, फक्त उलटी. सरळ आणि वळलेली या दोन रेघांपासून सुरुवात करणारी बाई दोन्ही लिप्यांची वाट एकदम मोकळी करू शकेल. हे काम शहरातून आलेली इंग्रजी माध्यमाची तरुणी करील काय? तिला दोन्ही लिप्या धड लिहिता येत नसतील. आमच्या पाच बाईंना येतात. पाचही जणी मराठीत भांडतात, कन्नडमध्ये बाजार करतात, आणि एक जण दोन्हीत गाते.

कुणी म्हणेल, पालकांना इंग्रजी हवे आहे, तुम्ही काय करणार? मला ते ठाऊक आहे. माझा स्वतःचा नातू इंग्रजी माध्यमात जातो. सूनबाईंपुढे माझे चालले नाही, आणि खरे सांगायचे तर मी फार भांडलेही नाही. म्हणून पालकांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण इंग्रजी हवे म्हणणे वेगळे आणि इंग्रजीत पहिलीची गोष्ट ऐकवणे वेगळे. स्टायनरांच्या शाळेतही पहिलीपासून परक्या भाषा होत्या, गाणी आणि खेळ म्हणून; शाळा मात्र जर्मनमध्येच चाले. तशी एक इंग्रजीची बाई ठेवा, रोज तास घेऊ द्या, माझी हरकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही कलेतून शिक्षण आणि शक्यतो पाचवीपर्यंत मातृभाषा, या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत. संस्थेने त्यांतली पहिली उचलली आणि दुसरी पानावरच ठेवली.

दुसऱ्या सभेत मी लेखी पत्र दिले. सहा तरुणींच्या प्रशिक्षणासाठी धरलेल्या रकमेतून आधी आपल्या पाच शिक्षिकांना पाठवावे. सगळ्यांना एकदम नको, उन्हाळ्यात दोघी आणि दिवाळीच्या सुट्टीत दोघी अशा. इंग्रजी व्याख्यान समजायला अडचण आली तर माझी भाची फोनवर समजावून सांगायला तयार आहे, मोबदल्यात तिला मराठी गोष्टी हव्या आहेत. आणि तीन वर्षे मराठीचे वर्ग बंद करू नयेत. अध्यक्षांनी पत्र वाचले. "बाई, भावनेपेक्षा व्यवहार पाहा," म्हणाले. मग थोडे थांबून विचारले, की त्या पाच जणी तयार आहेत का? मला एकदम उत्तर देता आले नाही, कारण मी त्यांना विचारलेच नव्हते. त्यांच्या वतीने भांडायला निघाले होते आणि त्यांनाच विचारायचे राहिले होते! ठराव पुढल्या सभेपर्यंत तहकूब आहे.

दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. तिघी लगेच हो म्हणाल्या. एकीने घरी विचारून सांगते म्हटले. पाचवी, सर्वांत जुनी, निवृत्तीला चार वर्षे उरलेली, म्हणाली, "अहो, मला रेघसुद्धा सरळ येत नाही." मी म्हटले, "वळलेली काढा."

आता दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर चौघी आमच्या सोप्यात येतात. ज्यांना घरी विचारायचे होते त्याही येतात. पाचवी अजून यायची आहे. माती खानापूरची आहे, खडू साधेच आहेत. भाची आठवड्याला एक पान लिहून पाठवते, त्यातल्या मराठीच्या चुका आम्ही लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवतो. न चा नळ जमला आहे. गायीचे मागचे पाय अजून चुकतात, म्हणून मागच्या शनिवारी चौघी मिळून समोरच्या गोठ्यात जाऊन अर्धा तास उभ्या राहिलो. गोठ्याच्या मालकाने विचारले, बाई, विकत घ्यायची आहे काय?